उत्तरं नसलेलं पुस्तक : होशंगाबादची तीस वर्षं

इटारसी जंक्शन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. मुंबईहून दिल्लीकडे जाणारी गाडी तिथे बराच वेळ थांबते, फलाटावर चहा मिळतो आणि गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात नर्मदेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडचं गाव होशंगाबाद. आता त्याचं नाव नर्मदापुरम झालं आहे. या जिल्ह्यातल्या साध्या सरकारी शाळांमध्ये १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवलं गेलं. आपण सहावी-सातवीत होतो तेव्हा तिथली आपल्याच वयाची मुलं चार-चारच्या टोळ्या करून ओढ्याकाठी, शेतात, शाळेच्या ओसरीवर प्रयोग करत होती आणि परीक्षेला पुस्तक सोबत घेऊन बसत होती.

आपल्या दहावीला तीस वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. शाळेच्या आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी होशंगाबादची हकीकत लिहायचं ठरवलं, कारण आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी लिहितं की शिक्षणपद्धतीच बदलली पाहिजे, मुलांना स्वतः विचार करायला शिकवलं पाहिजे. त्यावर अंगठे उमटतात आणि विषय तिथेच संपतो. ज्यांनी खरोखर बदलून पाहिलं त्यांना काय करावं लागलं, किती जमलं आणि कुठे अडलं, हे माहीत असलं तर आपलं बोलणं जरा पुढे जाईल.

आधीचे लोक

हा विचार नवा नाही आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या मुलांना शेतीसह रोजच्या उपयोगाचं शिक्षण मिळावं, अशी मागणी केली होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करू लागल्या, तेव्हा शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. लहानग्यांसाठी अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. मुलं गुरांमागे जाणार हे धरून चालायचं आणि शिक्षण त्याभोवती बसवायचं, इतकी सरळ ती कल्पना होती.

स्वातंत्र्यानंतर आयोगांचे अहवाल आले. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू, असं म्हटलं होतं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. त्या अहवालात विज्ञान शिक्षणावर मोठा भर आहे. पण अहवाल आणि वर्ग यांच्यामध्ये पाठ्यपुस्तक असतं, बदल्या असतात, साठ मुलांची एक तुकडी असते आणि वर्षाअखेरीची परीक्षा असते. होशंगाबादच्या लोकांनी हात घातला तो या मधल्या गोष्टींना. म्हणून मला त्यांची हकीकत इतर प्रयोगांहून जास्त कामाची वाटते.

सोळा शाळा

अनिल सदगोपाल हे अमेरिकेतल्या कॅलटेकमधून पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून ते होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि बनखेडीजवळच्या पलिया पिपरिया या गावी त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. होशंगाबाद शहराला लागून असलेल्या रसूलियात क्वेकर मंडळींनी स्थापन केलेलं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून होतं. या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारकडे परवानगी मागितली, की जिल्ह्यातल्या काही सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान आम्हाला प्रयोगातून शिकवून पाहू द्या. परवानगी मिळाली आणि १९७२ साली १६ शाळांत काम सुरू झालं.

दोन्ही संस्थांनी स्वतःची आदर्श शाळा काढली नाही, याकडे लक्ष द्यायला हवं. निवडक मुलं, निवडक शिक्षक, भरपूर पैसा असं काही नव्हतं. तेच सरकारी शिक्षक, तीच गळकी छपरं. टाटा संस्थेतले काही शास्त्रज्ञ सुरुवातीपासून सोबत होते, पाठोपाठ दिल्ली विद्यापीठाच्या विज्ञान विभागांतले प्राध्यापक आले. सुट्टीतल्या प्रशिक्षणात हे प्राध्यापक आणि मिडल स्कूलचे मास्तर एकत्र बसत, मुलांना करायचे तेच प्रयोग स्वतः करत आणि निष्कर्षांवर वाद घालत. शिक्षकांना उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे, असं तीन वर्षं प्रशिक्षण मिळे.

साहित्य महाग असलं तर ते कपाटात कुलूपबंद राहतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. फूल उघडून त्याचे भाग वेगळे करायला सुई हवी, तर तिथे बाभळीचा काटा वापरला गेला. काटा मोडला तर शाळेबाहेर दुसरा तयारच आहे.

पुस्तकात उत्तरच नाही

या कार्यक्रमाच्या पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात अमुक करा, मोजा, तक्ता भरा, असं लिहिलेलं असे आणि मग प्रश्न. काय दिसलं? सगळ्या टोळ्यांचं सारखंच आलं का? नसेल तर का नसेल? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात कुठेही दिलेली नसत. चार मुलांची टोळी प्रयोग करी, आपसात बोले, वर्गात चर्चा होई आणि प्रत्येक मूल आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिही. वर्षाअखेरीला पुस्तक आणि वही मिळून विषय पुरा होई. वही हरवली तर अर्धं विज्ञान हरवलं.

आपल्या प्रयोगवह्या आठवून पाहा. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, रेघांच्या पानावर निळ्या शाईने मजकूर. निरीक्षण आणि अनुमान दोन्ही फळ्यावरून उतरायचं आणि वर्गातल्या साठ वह्यांत एकच तापमान, एकच वजन, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासकट. हे मी कोणाला दोष द्यायला म्हणून लिहीत नाही. एक प्रयोगशाळा, आठवड्याला एक तासिका, पोर्शन संपवायची घाई आणि बोर्डाची परीक्षा एवढ्या चौकटीत आपल्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला जितकं दिलं, ते आज वर्गाचं गणित कळल्यावर थक्क करतं. मुद्दा चौकटीचा आहे.

‘बाल वैज्ञानिक’मध्ये अंतर मोजण्याचे धडे होते. सगळ्या टोळ्यांनी एकच लांबी मोजायची आणि आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. ते कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. याला तिथे ‘घट-बढ’ असा शब्द होता, आपण चढउतार म्हणू. कोणाचं चुकलं हा प्रश्न बाजूला ठेवून आकडे किती पसरलेत, मधला आकडा कोणता, कितव्या अंकापर्यंत विश्वास ठेवायचा, यावर चर्चा व्हायची. मोठ्या मुलांना ‘संयोग और संभाविता’ असा धडा होता. नाणी उडवायची, निकाल मांडायचे, दहा वेळा उडवल्यावर काय दिसतं आणि शेकडो वेळा उडवल्यावर काय दिसतं ते पाहायचं. हे खेड्यातल्या मिडल स्कूलमध्ये. मी संभाव्यता शिकले ती अभियांत्रिकीच्या वर्गात, सूत्रांमधून. त्या सूत्रांमागे मुळात नाण्यांचा असा ढीग असतो, हे त्या मुलांना आमच्या कितीतरी आधी हातांनी कळलेलं होतं.

मुलांचे प्रश्न धड्यापाशी थांबत नसत. त्यासाठी ‘सवालीराम’ होता. सवालीराम नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता. कोणत्याही मुलाने मनात येईल तो प्रश्न पोस्टाने सवालीरामला पाठवायचा आणि कार्यक्रमातली मंडळी, गरज पडली तर विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारून, त्याला उत्तर लिहीत. खेड्यातल्या एका पोराच्या नावाने शाळेत पत्र येतं आणि त्यात त्याच्या प्रश्नाबद्दल कोणीतरी गंभीरपणे लिहिलेलं असतं, याचं त्या वयात काय मोल असेल!

परीक्षेला हात घातला

पहिली तुकडी आठवीपर्यंत पोचली तसा खरा पेच उभा राहिला. मध्य प्रदेशात तेव्हा आठवीला बोर्डाची परीक्षा होती. तीन वर्षं प्रयोग करून शिकलेल्या मुलांना शेवटी ‘व्याख्या लिहा, कारणे द्या, रिकाम्या जागा भरा’ असा पेपर दिला असता, तर पुढच्या वर्षापासून प्रत्येक शिक्षकाने प्रयोग बंद करून व्याख्या पाठ करून घेतल्या असत्या. तसं करण्यात त्यांची काही चूकही नसती.

म्हणून परीक्षा बदलली. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची परवानगी आणि जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पुस्तक जवळ असल्यावर पुस्तकात सापडेल असा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही, त्यामुळे प्रश्न काढणाऱ्यालाच डोकं चालवावं लागतं. समजा, तीन टोळ्यांनी एकाच रोपट्याची उंची आठवडाभर मोजली, तिघांचे तक्ते दिले आणि विचारलं की कोणत्या टोळीच्या मोजणीत गडबड दिसते आणि कशावरून. असा प्रश्न पाठ करता येत नाही, अपेक्षित प्रश्नसंचात बसत नाही आणि शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं तरी ‘कशावरून’ ते लिहावंच लागतं. या प्रश्नपत्रिका तयार करणं आणि उत्तरं तपासणं यात शिक्षक स्वतः सामील असत.

माझ्या मते सगळ्या हकीकतीचा गाभा इथे आहे. स्वतंत्र विचार हा आठवड्याला दोन तासिका देऊन शिकवायचा वेगळा विषय होऊ शकत नाही. मूल विचार करील की पाठ करील हे शेवटी त्याला काय विचारलं जाणार यावर ठरतं, आणि शिक्षक विचार करू देईल की नाही हे त्याच्या मागे कोण उभं आहे यावर ठरतं. होशंगाबादला या दोन्ही गोष्टी एकत्र बदलल्या गेल्या. त्या बदलल्या नसत्या तर ‘बाल वैज्ञानिक’ हे एक सुंदर पुस्तक म्हणून एखाद्या ग्रंथालयात राहिलं असतं.

मास्तर एकटा नव्हता

मागे उभं राहणं म्हणजे काय, तेही पाहू. उत्तर नसलेलं पुस्तक घेऊन वर्गात जाणं सोपं नाही. बी पाण्यात भिजवून ठेवलं तर बुडून मरत का नाही, असं एखाद्या मुलीने विचारलं, आणि मास्तरांना माहीत नसलं, तर? गावात मास्तरांचा मान त्यांच्या माहितीवर उभा असतो. ‘मला माहीत नाही, करून पाहू’ म्हणण्याची मुभा एका माणसाला एकट्याने घेता येत नाही.

त्यासाठी महिन्याची बैठक होती. आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा संगम केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नावर अडलो, कोणतं साहित्य संपलं हे तिथे बोललं जाई. शिवाय अनुवर्तनासाठी शाळांना भेटी होत. भेट देणारा माणूस अधिकारी म्हणून शेरेबुकात लिहायला येत नसे. वर्गात बसून अडचण समजून घेणं हे त्याचं काम, आणि पुष्कळदा तो स्वतःच दुसऱ्या शाळेतला शिक्षक असे. ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची पत्रिका निघे, तिच्यात शिक्षकही लिहीत. शिक्षकांच्या सूचनांवरून ‘बाल वैज्ञानिक’चे धडे बदलले जात.

१९७८ साली कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलपर्यंत, म्हणजे दोनशेच्या वर शाळांपर्यंत गेला. त्याच वर्षी आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेला एक तरुण पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा काढून तिथे दाखल झाला. त्याचं नाव अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्याने त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनवले. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र होत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे यातून पोराला दोन मिनिटांत कळतं. आमच्या स्ट्रक्चर्सच्या तासाला असं काही मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं सिव्हिलची कोणतीही मंडळी म्हणतील. हेच गुप्ता पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते. त्यांची टाकाऊतून टिकाऊ खेळणी आपल्यापैकी ज्यांची मुलं पुण्यात वाढली त्यांच्या घरी एकदा तरी बनली असतील. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८२ साली राज्य सरकारच्या सहकार्याने ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे गेलं. एकलव्यने १९८५ साली मुलांसाठी ‘चकमक’ मासिक सुरू केलं, पुढे शिक्षकांसाठी ‘संदर्भ’ काढलं. पुण्यातून निघणारं मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ त्याच प्रेरणेचं. विज्ञानाचा कार्यक्रम वाढत वाढत सुमारे १५ जिल्ह्यांतल्या हजारभर शाळांपर्यंत पोचला.

त्याच काळात महाराष्ट्रातही हालचाल होती. मुंबईत बी. एम. उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकारातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, सुतारकाम करत करत विज्ञान शिकतात आणि त्या कामाला शालेय अभ्यासक्रमात जागा मिळाली. पण एका अख्ख्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेने पद्धत बदलली, असं उदाहरण होशंगाबादचंच.

बंद का पडलं

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. जिल्हा पातळीवर विरोध झाला होता, त्यानंतर राज्याचा निर्णय आला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही. पुढच्या सत्रापासून होशंगाबादची मुलंही राज्यातल्या इतर मुलांचंच पुस्तक वाचू लागली.

विरोध करणाऱ्यांना नुसतं अडाणी म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. त्यात पालकही होते, आणि पालकांची भीती आपल्याला चांगली ठाऊक आहे. आठवीपर्यंत प्रयोग, पण नववीत पोचलं की नेहमीचं जाड पुस्तक, नेहमीची परीक्षा, आणि दहावीच्या मार्कांवर पुढचं सगळं. बाकी जिल्ह्यांतली मुलं जी नावं आणि व्याख्या सहावीपासून घोकून आली आहेत त्या आमच्या मुलाच्या कानावरूनही गेल्या नाहीत, तर तो मागे पडेल. ही भीती शेतमजूर बापाची असली तर तिला जास्त वजन आहे, कारण त्याच्या मुलाला दुसरी संधी मिळत नाही.

शैक्षणिक अडचणीही होत्या. गांडूळ, चुंबक, नाणं, सावली यांच्याकडे पाहून मूल बरंच काही शोधू शकतं. अणू आणि रेणू मात्र बाभळीच्या काट्याने दिसत नाहीत. विज्ञानातल्या काही कल्पना माणसाला सुचायला शेकडो वर्षं लागली, त्या बारा वर्षांच्या मुलाने एका तासिकेत शोधून काढाव्यात ही अपेक्षा चालणार नाही, तिथे कोणीतरी सांगावंच लागतं. किती सांगायचं आणि किती शोधू द्यायचं हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहिला. त्यात साहित्य वेळेवर न पोचणं, प्रशिक्षित शिक्षकाची बदली होणं, रिकाम्या जागा न भरणं हे सरकारी शाळेचे नेहमीचे आजार होतेच.

आणि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सहावी ते आठवी बदललं, पण नववी-दहावी बदलली नाही. साखळीतली मधली तीन कडी नवी आणि पुढची जुनीच, तर ताण नेमका जोडावर येतो. तो तीस वर्षं पेलला गेला हेच नवल.

तरी सगळं पुसलं गेलं असं झालं नाही. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने शाळकरी मुलांवरच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. समजल्याशिवाय पाठ करणं हेच खरं ओझं, असा त्याचा रोख होता. यशपाल स्वतः टाटा संस्थेतले आणि होशंगाबादचं काम जवळून माहीत असलेले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, ही भूमिका आली. ज्ञानरचनावाद हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात आज ऐकू येतो, त्याच्या मागे अशा ठिकाणांचा अनुभव आहे. एका आदेशाने पुस्तक बंद करता येतं. तीस वर्षांत तिथून गेलेल्या शिक्षकांनी वर्गात प्रश्न विचारू दिला की काय होतं हे पाहिलेलं होतं, ते त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

माझ्या धंद्यातून पाहताना

मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाहेरून वाटतं की आम्ही दिवसभर प्रोग्रॅम लिहितो. खरं तर दिवसाचा मोठा भाग चालत नसलेला प्रोग्रॅम कुठे बिघडला हे शोधण्यात जातो. त्याची पद्धत ठरलेली आहे. अंदाज बांधायचा, तो खोटा ठरू शकेल अशी छोटी चाचणी करायची, दिसलं ते लिहून ठेवायचं आणि मग पुढचा अंदाज. हे ‘बाल वैज्ञानिक’चंच पान आहे.

नव्याने नोकरीला लागणारी मुलं हुशार असतात, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती त्यांना असते. पण कोणी पूर्वी सोडवला नाही असा प्रश्न समोर आला की त्यांतली पुष्कळ थबकतात आणि ‘यात नक्की काय अपेक्षित आहे?’ असं विचारतात. अपेक्षित हा शब्द त्यांना आपणच, म्हणजे आपल्या परीक्षांनी, सोळा वर्षं शिकवलेला असतो. काही मुलं मात्र लगेच काहीतरी करून बघायला लागतात. कोणत्या कॉलेजची यावरून ते ओळखता येत नाही. लहानपणी कोणीतरी त्यांना सायकल, रेडिओ किंवा मिक्सर उघडू दिलेला असतो, एवढंच पुढे बोलण्यातून कळतं.

आता तर विचारल्याबरोबर उत्तर लिहून देणारी यंत्रं आली. आठवीतल्या मुलाला त्याच्या स्वाध्यायाचं उत्तर फोनवर दहा सेकंदांत मिळतं. पुस्तक जवळ असताना काय विचारायचं, हा पन्नास वर्षांपूर्वीचा होशंगाबादचा प्रश्न आज प्रत्येक शाळेच्या दाराशी आला आहे. मिळालेलं उत्तर बरोबर आहे हे कशावरून, एवढंच विचारण्यासारखं उरतं, आणि ते सांगायला स्वतः काहीतरी मोजलेलं, पाहिलेलं असावं लागतं.

आपल्या शाळेपुरतं

स्नेहमेळाव्यात शाळेला बॅचतर्फे काय द्यायचं यावर चर्चा होणार आहे. स्मार्ट बोर्ड, वॉटर कूलर, प्रवेशद्वाराची कमान अशा सूचना आल्या आहेत. होशंगाबादच्या हकीकतीवरून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिघींचा मिळून खर्च कमानीपेक्षा कमी आहे.

पहिली, प्रश्नपेटी. आपल्या शाळेचा सवालीराम. मुलांनी चिठ्ठी टाकायची आणि आपल्यापैकी त्या विषयातल्या माणसाने त्या मुलाच्या नावाने कागदावर उत्तर लिहून पाठवायचं, शक्य तिथे ‘हे करून बघ’ असं सांगायचं. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत, द्राक्षबागायतदार आहे, महावितरणमध्ये आहेत, बँकेत आहेत, एकजण विहिरींचं पाणी बघतो, एकीचं शिवणकामाचं युनिट आहे. एवढी माणसं कुठल्याही विश्वकोशाला पुरून उरतील.

दुसरी, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी चार-चार मुलांच्या टोळ्यांना पुरेल असं स्वस्त साहित्य. फुटलं तर फुटलं, दर जूनला नवं भरून देऊ, असं आपण शाळेला लेखी सांगायचं, म्हणजे ते कपाटात राहणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. २०१० पासून आपल्याकडे आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रयोग आहे, तोंडी काम आहे आणि ‘पुस्तकासह चाचणी’ही आहे. होशंगाबादला ज्यासाठी सरकारची खास परवानगी काढावी लागली, ते आपल्या नियमांत आधीच लिहिलेलं आहे. पुस्तक उघडं ठेवून विचारता येतील असे चांगले प्रश्न काढायला वेळ आणि सोबत लागते. शाळेतले आजचे शिक्षक आणि आपले निवृत्त सर-बाई तयार असतील तर महिन्यातून एक शनिवार आपण काही जण त्यासाठी बसू शकतो. पुढाकार शिक्षकांचा, आपण फक्त मागे उभं राहायचं.

दहावीची भीती राहणारच. ती काढून टाकणं आपल्या हातात नाही आणि पालकांना ती वाटू नये असा उपदेशही मी करणार नाही. पण सहावी आणि सातवी ही दोन वर्षं आपल्याकडे मोकळी आहेत, आणि नियमही सोबत आहेत. मेळाव्याच्या दुपारी चहाच्या वेळी यावर बोलू. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी त्या चर्चेचं अध्यक्षस्थान घ्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.